घरचेच आहे!

गेल्या वर्षीच्या माघ महिन्यात, लोणारच्या विवरात उतरण्याच्या वाटेवर, मी एकदा मान डोलावली. तोंडातून अक्षरही काढले नाही. परंतु चाळीस वर्षे अडतीच्या गादीवर घालवलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही की, आपल्या व्यवहारात शब्दापेक्षा मानेलाच अधिक किंमत असते. माझ्या आजोबांच्या काळी तर रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून गाड्याच्या गाड्या कापूस विकला जाई. मान हलली की सौदा झाला. मग भाव पडो वा चढो. त्या सकाळचा माझा होकारही असाच एक सौदा होता, आणि त्याची खतावणी अद्याप पुरी झालेली नाही.

आमची अडत मेहकरला. थोरला मुलगा माझ्यासोबत दुकानात असतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या आवकीत त्याचे मन रमते. धाकट्याने मात्र पदवी घेतल्यावर कॅमेरा हाती धरला. प्रारंभी मला ते मुळीच रुचले नाही. ‘उन्हात उभे राहून लोकांना जरा हसा, जरा हसा म्हणायचे, यात कसला आला व्यापार?’ असे मी चारचौघांत बोलून गेलो होतो, आणि ते बोलणे त्याच्या मनात बरेच दिवस राहिले, हे मी जाणतो. पुढे त्याने बसस्थानकाजवळ गाळा भाड्याने घेतला, कर्ज काढून कॅमेरे व दिवे आणले, आणि तीन वर्षांत ते कर्ज फेडलेही. हिशेबाची मात्र त्याला आवड नाही. दर रविवारी, दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण उरकले की तो आपल्या चिठ्ठ्याचपाट्या घेऊन माझ्यासमोर बसतो आणि मी त्याची रोकड लिहितो. आम्हा बापलेकांच्या वाट्याला आलेला तो एक निवांत तास आहे. तो मी सहसा चुकवत नाही.

माझी धाकटी बहीण खामगावला दिली आहे. तिच्या मुलीचे लग्न इंदूरच्या एका घराण्यात ठरले, आणि मुलाकडून निरोप आला की लग्नापूर्वीची छायाचित्रे व एक छोटी चित्रफीत लोणारला काढावी. या ‘प्री-वेडिंग’ नावाच्या प्रकाराविषयी आपल्या समाजात काय चालले आहे, ते वाचकांना ठाऊकच आहे. काही शहरांतील समाजांनी त्यावर बंदीचे ठराव केले आहेत. आपल्याकडच्या बैठकांतही त्यावरून आवाज चढलेले मी ऐकले आहेत. माझे मत विचाराल तर, वडीलधारे सोबत असावेत, वेशभूषा शोभेल अशी असावी, आणि खर्च ऐपतीत राहावा. एवढे पाळले तर त्यात आकाश कोसळत नाही. बहिणीने हीच अडचण ओळखून मला फोन केला. ‘दादा, तू सोबत असलास तर कोणी बोट दाखवणार नाही.’ अशा रीतीने, कोणी बोट दाखवू नये म्हणून मी तेथे गेलो.

काम धाकट्याकडेच होते. ‘घरचा मुलगा आहे म्हणून फुकट नको,’ असे बहिणीने निक्षून सांगितले होते. पंचेचाळीस हजारांचा ठराव झाला. पंधरा हजार विसार इंदूरहून आला, उरलेले काम हाती पडल्यावर. माझ्या हातच्या रोकडवहीत त्या विसाराची नोंद आहे. हा तपशील मी मुद्दाम देतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

पहाटे आम्ही सुलतानपूरमार्गे निघालो. मुलगा, त्याचे दोन मदतनीस, भाची, नियोजित जावई, त्यांची बहीण आणि मी. गाडीत कपड्यांच्या बॅगा, दिव्यांच्या तिवया, उजेड परतवणारे चंदेरी पडदे, आणि रंगीत धूर सोडणारी चार-सहा नळकांडी. विवराच्या काठावर पोहोचलो तेव्हा खाली सरोवरावर धुके होते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो काळ्या पाषाणातील वाडगा मी लहानपणापासून पाहत आलो आहे, तरी काठावर उभे राहिले की क्षणभर बोलणे थांबतेच.

चौकीवर वनरक्षकाने वही पुढे केली. नाव, गाव, किती जण, कशासाठी. ‘कशासाठी’च्या रकान्यात मुलाने ‘सहल’ असे लिहिले. वनरक्षकाने बॅगांकडे पाहिले.

‘शूटिंग हाये का?’

‘नाही हो, घरचंच आहे. बहिणीचे फोटो काढायचे.’

माणूस वयस्क होता. त्याने मुलाकडे पाहिले नाही. माझ्या टोपीकडे आणि पिकल्या मिशांकडे पाहिले. ‘शेठजी, घरचंच हाये ना?’

मी मान डोलावली. त्याने दोरी सोडली.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे लक्षात घ्यावे. भाची म्हणजे माझ्या मुलाची बहीणच. काम घरचे होते, माणसे घरची होती. आणि तरीही सारे मिळून ते खोटे होते. असे खोटे आम्हा व्यापाऱ्यांना फार चांगले बोलता येते.

खाली उतरल्यावर दोन-तीन तास काम चालले. कमळजा देवीच्या मंदिराजवळ, पाण्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत. मोरांचा आवाज मधूनमधून येत होता. मुलाला काम करताना मी प्रथमच पाहत होतो. तो आवाज चढवत नाही, मुलीला अवघडल्यासारखे होऊ देत नाही, आणि ऊन हवे तसे पडेपर्यंत थांबतो. थांबणे हा व्यापारातला मोठा गुण आहे; तो त्याच्यात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते. एका मदतनिसाने धुराचे नळकांडे काढले तेव्हा तोच वनरक्षक, जो मागून हळूहळू खाली उतरला होता, हात जोडून पुढे आला. ‘ते नका पेटवू. गवत वाळलं हाये. एक ठिणगी पुरते.’ मुलाने तत्काळ ते बॅगेत ठेवायला लावले. वनरक्षकाने तक्रार केली नाही, वही आणली नाही. माझ्या मानेवर त्याचा विश्वास बसलेला होता.

पुढच्या रविवारी हिशेबाला बसलो. जमा बाजू सोपी होती. खर्चात डिझेल, मदतनिसांची मजुरी, नाश्ता, भाड्याचे दिवे. ‘शासकीय शुल्क?’ मी सवयीने विचारले, कारण लग्नकार्यालयांच्या कामांत अधूनमधून काही पावत्या असतात. तो हसला. ‘काही नाही, पप्पा. वाचले.’

‘वाचले’ हा शब्द मला खटकला. वाचले म्हणजे जे द्यावयाचे होते ते दिले नाही. मी वही मिटली. रक्कम विचारली नाही, रागावलोही नाही. रागावण्याचा अधिकार मी चौकीवरच गमावला होता.

नंतर एका वकील स्नेह्यांकडून कायदा समजून घेतला. लोणारचे विवर हे २००० सालापासून अभयारण्य आहे, आणि २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीतही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणकोणत्या कामांसाठी देता येतो, ती यादी आहे: वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्यांशी रीतसर व्यवहार, आणि छायाचित्रण. परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, आणि तो विहित शुल्क भरून व अटी मान्य करूनच मिळावयाचा. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणाच्या जोडीला चित्रीकरणही आले, परंतु एका अटीसह: अधिवासात कोणताही बदल होता कामा नये, आणि अधिवासाला वा वन्यजीवांना बाधा पोहोचता कामा नये. वकीलसाहेबांनी ही अट दोनदा वाचून दाखवली. मला ती धुराची नळकांडी आठवली.

अधिवास हा शब्द ऐकून आपल्यासमोर वाघ उभा राहतो. लोणारला तसे काही भव्य नाही. तेथला खरा रहिवासी डोळ्यांना दिसतच नाही. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा देशभरातून कॅमेरे लोणारकडे धावले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे सांगितले. पाणी गाळून पिणाऱ्या घराण्यांना सूक्ष्म जीवांची महती मी काय सांगावी? तरी त्या दिवशी पाण्याच्या कडेला तिवया रोवताना ती आम्हा सात जणांपैकी एकालाही आठवली नाही.

लोणारने राज्याला महसूल देणे ही गोष्ट आजची नाही, हेही त्याच सुमारास वाचनात आले. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे. काच आणि साबण बनवण्यास लागणारे क्षार येथे मिळतात, आणि त्यांपासून राज्याला चांगले उत्पन्न होते, असा त्याचा आशय. पुढेही पापडी, डल्ला, खुप्पल, भुस्की अशा नावांनी इथला खार बाजारात ओळखला जाई. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यानेही सरोवरातून माल उचलला तो हासील भरून. आम्ही माल उचलला नाही, केवळ प्रतिमा उचलली, असे म्हणता येईल. मात्र त्या प्रतिमेचे पंचेचाळीस हजार झाले. खारापेक्षा तो सौदा किफायतीचाच म्हणावा लागेल.

हे सारे कळले तरी मी सात महिने काही केले नाही. वैशाखात लग्न झाले. चित्रफीत सर्वांना आवडली. इंदूरकरांनी उरलेले तीस हजार ठरल्या दिवशी पाठवले. मग भाद्रपद आला. पर्वाच्या दिवसांतील एका दुपारी प्रवचनात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार निघाले. आपण ते लहानपणापासून ऐकत आलो आहोत: चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध वागून लाभ मिळवणे, मापात पाप आणि मालात भेसळ. तिसऱ्याला शास्त्रात ‘विरुद्धराज्यातिक्रम’ असे नाव आहे. आजवर हा शब्द ऐकताना माझ्यापुढे जकातनाके, विक्रीकर, चोरट्या वाटेने सीमापार होणारा माल, असे काहीबाही येई. आणि त्यातले आपण काही करत नाही, म्हणून मन निर्धास्त असे. त्या दुपारी माझ्यापुढे एक दोरी आली, आणि ती सोडणारा वनरक्षक. त्यातही बारकावा असा की, नुसता अतिक्रम मुलाचा होता. त्याला प्रवृत्त करण्याचा, म्हणजे पहिला अतिचार, माझा.

आश्विनात मी कार्यालयात गेलो. मुलाला सांगितले नव्हते. अधिकारी तरुण होते, त्यांनी खुर्ची दिली. मी घडलेले सांगितले आणि म्हणालो, त्या दिवसाचे जे शुल्क असेल ते भरायचे आहे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, ‘काका, परवाना आत जाण्यापूर्वीचा असतो. जाऊन आल्यानंतरच्या परवान्याची पावती कशी फाडू?’ मी म्हणालो, मग तेवढी रक्कम वनाच्या कामासाठी देणगी म्हणून घ्या. ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. ‘देणगीचा विषय वेगळा, शुल्काचा वेगळा. एकाची पावती दुसऱ्याच्या जागी लावू नका.’

हे वाक्य मला मंदिराच्या विश्वस्तमंडळात मी स्वतः अनेकदा ऐकवले आहे. देवद्रव्य ते देवद्रव्य, साधारण खाते ते साधारण. एका खात्याची तूट दुसऱ्याच्या शिलकीतून भरून काढायची नाही. माझे देणे असे न फिटता परत आले. त्या रात्री मुलाच्या खतावणीत मी एक पान उघडले: ‘लोणार, देणे’. रकमेचा रकाना कोरा आहे.

त्यानंतर मुलाला सारे सांगितले, आणि यापुढे परवान्याशिवाय अशा ठिकाणी काम घ्यायचे नाही, असे ठरले. म्हणजे मी ठरवले, त्याने ऐकून घेतले. दिवाळीच्या आधी जालन्याहून एक काम आले. त्यांनाही लोणारच हवे होते, आणि आठ दिवसांत हवे होते. मुलाने सांगितले की आधी अर्ज करावा लागेल, शुल्क वेगळे पडेल, मंजुरी आल्यावर तारीख देतो. त्यांनी ‘कळवतो’ म्हटले आणि कळवले नाही. पंधरा दिवसांनी त्याच मंडळींची चित्रफीत मुलाने मला आपल्या मोबाइलवर दाखवली. दुसऱ्या कोणी काढलेली. सरोवर तेच, मंदिर तेच, आणि मागे जांभळ्या धुराचा लोट.

‘पप्पा,’ तो म्हणाला, ‘तुमच्या मानेची किंमत पन्नास हजार झाली.’

मला उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. कारण त्याच्या बोलण्यात जे सत्य आहे ते कोणीही व्यापारी नाकारू शकणार नाही. ज्या बाजारात शुल्क चुकवणे सोपे असते, तेथे शुल्क हा प्रामाणिक माणसालाच होणारा दंड ठरतो. बाजार समितीचा सेस चुकवून गावोगाव परस्पर खरेदी करणाऱ्यांविरुद्ध आम्ही अडत्यांनी किती अर्ज केले, किती बैठका घेतल्या! त्या अर्जांवर माझ्याही सह्या आहेत. ‘आम्ही भरतो आणि ते बुडवतात, मग आम्ही का भरावे?’ हे वाक्य मीच भर सभेत उच्चारले आहे. ‘बुडवणारे’ म्हणून ज्यांच्याकडे आम्ही बोट दाखवत होतो, त्यांच्या रांगेत मी माघ महिन्यात उभा होतो.

तरीही बाजाराचाच इतिहास मला दुसरीकडे नेतो. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्या वऱ्हाडात, कारंज्याला सुरू झाला; १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यापूर्वी दलाली, तोलाई, धर्मादाय, नमुना अशा नावांनी शेतकऱ्याच्या गाडीतून काय काय काढून घेतले जाई, त्याला गणती नव्हती. आमच्या पूर्वजांनी त्या कायद्याला काही आनंदाने हार घातले नाहीत. मात्र कायद्याने एक गोष्ट केली: काय द्यायचे, कोणी द्यायचे आणि कोणाला द्यायचे हे आधी ठरवून उघड केले. रुमाल गेला, उघड लिलाव आला. आज बाजाराच्या आवारात हमालीचे, तोलाईचे दर लिहिलेले असतात, आणि सेस भरल्याची पावती मिळते. फलक असला की चुकवणाऱ्यालाही ‘मला माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय राहत नाही.

सार्वजनिक जागांवरील चित्रीकरणाचे आपल्याकडे अद्याप बरेचसे रुमालाखालीच आहे, असे मला वाटते. मुलासोबत मी ही माहिती गोळा करू लागलो तेव्हा आमच्या एकाच जिल्ह्यात किती दारे आहेत, ते कळले. लोणारचे विवर वनखात्याचे. तिथून हाकेच्या अंतरावरचे दैत्यसूदन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे; तेथे १९५९ चे वेगळे नियम, आणि चित्रपटासारख्या चित्रीकरणाला वेगळा परवाना. सिंदखेड राजाचा लखुजीराव जाधवांचा वाडा राज्य पुरातत्त्व विभागाकडे. बुलढाणा-खामगाव मार्गावरचे ज्ञानगंगा अभयारण्य पुन्हा वनखात्याचे. एखाद्या जोडप्याने एका दिवसात यांपैकी तीन ठिकाणे मागितली, तर तीन अर्ज, तीन शुल्के, तीन अटींचे कागद. मुंबईत मोठ्या निर्मात्यांसाठी या गोष्टी पुष्कळ रुळलेल्या आहेत. पनवेलजवळचे आपटा रेल्वे स्थानक कित्येक हिंदी चित्रपटांत दिसते, आणि रेल्वे त्याचे रीतसर शुल्क घेते. निर्मात्याकडे त्या कामासाठी पगारी माणूस असतो. मेहकरच्या छायाचित्रकाराकडे तो स्वतःच असतो, आणि त्या दिवशी त्याचा गाळा बंद असतो.

मग ‘व्यावसायिक’ कोणाला म्हणावे? मामाने भाचीचे फोटो काढले तर ते घरगुती, हे निर्विवाद. मामेभावाने पैसे घेऊन काढले तर? एखादा मुलगा मोबाइलवर चित्रफीत काढतो, ती समाजमाध्यमावर लाखो लोक पाहतात आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. तो पर्यटक की व्यावसायिक? पुरातत्त्व विभागाने २०१८ मध्ये आपल्या स्मारकांच्या आवारात छायाचित्रणाला मोकळीक दिली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरीचा भाग एवढेच वगळले. अजिंठ्याच्या भिंतींवरील रंगांना विजेच्या झगमगाटाने अपाय होतो, हे कोणालाही पटते. तेथे प्रश्न पैशांचा नसून त्या वस्तूचा आहे.

अमेरिकेतही हाच वाद बरीच वर्षे चालला. एका स्वतंत्र चित्रपटकाराने राष्ट्रीय उद्यानात परवान्याविना थोडे चित्रीकरण केले म्हणून त्याच्यावर कारवाई झाली. त्याने शुल्काच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिले. २०२१ मध्ये तो जिंकला, २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात हरला. अखेर जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या कायद्यातच बदल झाला. आता पाच माणसांपर्यंतचा चमू, हाताने उचलता येईल एवढे सामान घेऊन, जनतेला खुल्या असलेल्या जागी, कशाचीही हानी न करता चित्रीकरण करत असेल, तर परवाना नको आणि शुल्कही नको. मग हेतू कमाईचा का असेना. मुलाने हे मला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. ‘बघा पप्पा, आम्ही कामाचे तिघेच होतो!’

मी म्हणालो, तिघे होतो, आणि सोबत सहा नळकांडीही होती.

तो थोडा हिरमुसला. खरे तर त्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि ते मी त्याला नंतर सांगितले. शंभर माणसांचा ताफा, जनरेटर आणि जेवणाचे तंबू घेऊन येणारी कंपनी आणि एका खांद्यावरची पिशवी घेऊन येणारा मेहकरचा तरुण, यांना एकाच तागडीत तोलणे योग्य नाही. सरकार इतरत्र हा विवेक करतेच. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही; लहान माणसाचा गळा आवळू नये, हे तत्त्व त्यात आहे. तशीच पायरी या शुल्कातही असावी, आणि दर चौकीवरच्या फलकावर लिहिलेले असावेत. परंतु अभयारण्यात माणसे मोजून भागत नाही. तेथे एक माणूस एक काडी घेऊन पुरेसा असतो. म्हणून रस्त्यासाठी, चौकासाठी, रेल्वे फलाटासाठी मला अमेरिकेची मोकळीक पटते. विवराच्या तळासाठी मला आपल्या २०२२ च्या दुरुस्तीतली ती अट अधिक पटते. शुल्क कमी करा, हवे तर लहान व्यावसायिकाला नाममात्र ठेवा, पण अर्ज राहू द्या. अर्ज करताना माणसाला अटी वाचाव्या लागतात. आम्ही अर्ज केला असता तर ती नळकांडी गाडीत चढलीच नसती.

आपल्या तीर्थक्षेत्रांवर तरी दुसरे काय असते? गाभाऱ्यात छायाचित्रे घेऊ नयेत, धर्मशाळेत अमुक वाजता दिवे मालवावेत, अनामत अमुक, पावतीविना खोली नाही. या पाट्या आपणच लावल्या आहेत, आणि त्या न पाळणाऱ्या यात्रेकरूबद्दल कार्यालयात बसून आपण काय बोलतो, ते आपल्याला माहीत आहे.

मार्गशीर्षात मुलाकडे पुन्हा लोणारचे काम आले. चिखलीचे कुटुंब होते, घाई नव्हती. आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. पहिल्या खेपेस आमचेच कागद अपुरे निघाले: माणसांची नावे दिली, उपकरणांची यादी राहिली. दुसऱ्या खेपेस ती दिली. अटींचा कागद मुलाने मोठ्याने वाचला, मदतनिसांनाही ऐकवला, आणि शुल्क भरले. ग्राहकाला दिलेल्या दरपत्रकात आता त्याने एक ओळ घातली आहे: ‘शासकीय शुल्क वेगळे, मूळ पावतीप्रमाणे’. त्यावर त्या कुटुंबातल्या आजोबांनी विचारले, यात तुझा नफा किती? मुलगा म्हणाला, शून्य. आजोबांनी आणखी काही विचारले नाही.

त्या सकाळी मीही सोबत गेलो, कोणी बोलावले नसताना. थंडी होती. चौकीवर तोच वयस्क वनरक्षक शेकोटीऐवजी कांबळे पांघरून बसलेला. त्याने आम्हाला ओळखले.

‘शेठजी, आज बी घरचंच का?’

मी काही बोलण्यापूर्वी मुलगा पुढे झाला. ‘नाही मामा, आज धंद्याचं आहे.’ त्याने परवाना आणि पावती पुढे केली.

वनरक्षकाने चष्मा लावला. कागद आरंभापासून शेवटपर्यंत वाचला, उपकरणांची यादी बॅगांशी ताडून पाहिली, तिवया मोजल्या. मग वही उघडून ‘कशासाठी’च्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने, सावकाश, परवान्याचा क्रमांक उतरवला, आणि वही माझ्याकडे फिरवली.

‘सही करा, शेठजी.’